मजूर, हुजूर आणि लाल ढग

चाचांच्या हातात गेलेला कागद जसा गेला तसा कधी परत आला नाही. माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना मोठ्या मानाने दिली, तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर हजर. तारखेभोवती लाल पेनाने नागमोडी ढग काढलेला आणि बाजूला मुंगीच्या अक्षरात शेरा : 'या तारखेला शुक्रवार येतो. पत्रिकेत रविवार छापलाय. पाहुण्यांनी कुठल्या दिवशी यायचं ते कळवावं.' मी नांदेडला फोन केला. चारशे पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि चारशे घरांत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बाबा म्हणाले, "हा कोण माणूस गाठलायस तू? त्याला लग्नाला आणू नकोस. आणखी काहीतरी सापडेल त्याला."

हा माणूस कुवेतमध्ये, अहमदीला, आमच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर होता. आमची कंपनी तेलाच्या पाइपलाइनची कंत्राटं घ्यायची. एकेका पाइपलाइनची शेकडो ड्रॉइंग्ज, आणि प्रत्येक ड्रॉइंग चार-पाच वेळा बदलणार. बदललं की त्याला नवा रिव्हिजन नंबर मिळतो आणि जिथं बदल झालाय त्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढतात, म्हणजे वाचणाऱ्याने बाकीचं सोडून तेवढंच बघावं. ढग आहे तिथं खरंच बदल आहे का आणि बदल आहे तिथं ढग काढलाय का, हे तपासणं हे चाचांचं काम. तीसेक वर्षं ते हेच करत आले होते. त्यामुळे जगातल्या वस्तू त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या होत्या. जुनी रिव्हिजन आणि नवी रिव्हिजन. कँटीनमध्ये डाळ समोर आली की ते चमचाभर चाखून जाहीर करायचे, "डाळ तीच. पाण्याची नवी रिव्हिजन."

मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. अंगाने काडी. बाहेर पन्नास डिग्री असोत, आत एसीत बसायचं म्हणून बारा महिने अंगात हातविणीचा स्वेटर. गळ्यात दोऱ्याला बांधलेला चष्मा, खिशात दुसरा चष्मा, आणि दोन्ही लावूनही समाधान झालं नाही तर ड्रॉवरमध्ये भिंग. अब्बासियात तिघांबरोबर एका खोलीत राहायचे आणि पहाटेच्या कंपनीच्या बसने यायचे. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं, मल्याळी म्हणायचे, फिलिपिनो म्हणायचे, आमचे दोन ब्रिटिश साहेबसुद्धा 'चाचा' म्हणायचे आणि त्यांना वाटायचं हे त्यांचं आडनाव आहे.

"बदल कुठं झालाय तेवढं दाखवा," हे त्यांचं पालुपद. "बाकी वाचायला माझी हयात पुरायची नाय."

महबूल्यातल्या आमच्या फ्लॅटचा करार दर वर्षी नवा व्हायचा. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, कागद घेऊन यायचा आणि दारातच म्हणायचा, "सेम सेम, मॅडम. साइन करो." एका वर्षी मी तो चाचांना नेऊन दाखवला. त्यांनी जुना करार आणि नवा करार एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावला, उन्हात धरला आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं. 'पार्किंगसह' हा शब्द नव्या करारातून गायब होता. पुढच्या वर्षी हारिसने कागद देण्याआधी मलाच विचारलं, "वो बुड्ढा अभी कुवेत में है ना?"

आता असा माणूस ब्रिटनच्या राजकारणात कसा शिरला, ते सांगते. चाचांनी उभ्या आयुष्यात मत दिलेलं नव्हतं. गावी मतदान असेल तेव्हा रजा मिळाली नाही, रजा मिळाली तेव्हा मतदान नव्हतं. इथे तर प्रश्नच नाही. पण त्यांना दोन धाकट्या बहिणी होत्या. वडील लवकर गेले, तेव्हा चाचा सतरा वर्षांचे. दोघींना त्यांनीच वाढवलं आणि दोघींची लग्नं इंग्लंडातल्या एका गिरणगावात कामाला असलेल्या दोन चुलतभावांशी लावून दिली. लग्नानंतर दोघी चार महिन्यांच्या अंतराने तिकडे गेल्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या शेजारच्या घरात राहत होत्या. मधली भिंत एकच. चाचांच्या रॅकवर ऑफिसच्या फायलींच्या शेवटी दोन खासगी फायली होत्या. एकीवर लिहिलं होतं 'थोरली', दुसरीवर 'धाकटी'.

धाकटीच्या मुलाने तिथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहायचं ठरवलं. महिन्याभराने थोरलीचा मुलगाही उभा राहिला. वॉर्ड तोच, पक्ष दुसरा.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्या दोन पक्षांना मजूर आणि हुजूर म्हणायची जुनी पद्धत आहे, हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही शब्द कागदावर एकाखाली एक लिहिले, पहिल्या अक्षराभोवती ढग काढला आणि हर्षभरित होऊन म्हणाले, "बघ बेटा! नावातच एका अक्षराचा फरक. बाकी डॉक्युमेंट तेच!"

धाकटीचा मुलगा मजूर, थोरलीचा हुजूर. दोन शेजारच्या खिडक्यांत दोन रंगांची पोस्टरं लागली. आधी मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली, मग बाप, आणि मग आया. भिंतीपलीकडून सांदणांचं ताट यायचं ते बंद झालं. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचं वयस्कर माणसांचं केंद्र होतं. तिथं जाऊन दोघी चहा प्यायच्या, शिवण करायच्या, खुर्चीत बसून हातपाय हलवायचा व्यायाम करायच्या. आता थोरली सोमवार-बुधवार जायची आणि धाकटी मंगळवार-गुरुवार. शुक्रवारी दोघीही घरी, कारण शुक्रवारी भायचा फोन. पूर्वी तो एकच फोन व्हायचा. आता चाचांना दोन करावे लागत.

"दोघी मला विचारतात, भाय, तू सांग कोण बरोबर," चाचा म्हणाले. "भाय म्हणेल ते कबूल, असं दोघीही म्हणतात. म्हणजे दोघींनाही वाटतं भाय आपल्या बाजूने बोलेल." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मी गेलो तर या दोघी एका दारात बसून रडतील की दोन दारांत, सांग मला."

पण चाचांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. दोन्ही भाच्यांकडून त्यांची प्रचारपत्रकं मागवली, छापून काढली आणि कामाला बसले. सतरा मुद्दे निघाले. रस्त्यांवरचे खड्डे बुजवू. बागेत दिवे लावू. कचरा वेळेवर उचलू. म्हाताऱ्यांसाठी बस सोडू. तरुणांना गुन्हेगारीपासून दूर ठेवू. स्थानिक माणूस, स्थानिक प्रश्न. सतरापैकी पंधरा मुद्दे शब्दशः सारखे. सोळाव्यात एक म्हणत होता कचरा 'वेळेवर' उचलू आणि दुसरा 'नियमित'.

"यातलं कुणी कुणाचं बघून लिहिलं?" मी विचारलं.

"नाय. दोघांचा मास्तर एकच होता शाळेत," चाचा म्हणाले.

पण स्वतःच केलेली तपासणी स्वतःच मंजूर करायची, हे चाचांच्या धर्मात बसत नव्हतं. तपासणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा हवा. आणि मंजुरीसाठी माणसं तर ऑफिसातच होती. आमचे दोन ब्रिटिश साहेब. प्रोजेक्टचे साहेब उंच, ते मजूरवाले. क्वालिटीचे साहेब टकले, ते हुजूरवाले. दोघे सहा वर्षं एकाच मजल्यावर होते आणि एका टेबलावर जेवले नव्हते. एकाने एसी अठरावर आणला की दुसरा चोविसावर न्यायचा, आणि त्यातही पक्षाचं काहीतरी धोरण असावं असं आम्हाला वाटायचं.

चाचांनी दोन्ही पत्रकांतली नावं, फोटो आणि रंग पांढऱ्या पट्ट्या चिकटवून झाकले. एकाला म्हटलं डॉक्युमेंट ए, दुसऱ्याला बी. वर नेहमीचा शेऱ्याचा फॉर्म लावला. त्यात तीन रकाने असतात : मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, नामंजूर. आणि रोजच्या ड्रॉइंगच्या गठ्ठ्यात घालून ते दोन्ही साहेबांकडे पाठवून दिलं.

साहेब लोक गठ्ठ्यातला कुठलाही कागद वाचतात हे मला त्या दिवशी कळलं. दुपारपर्यंत दोन्ही फॉर्म परत आले. उंच साहेबांनी बी मंजूर केला होता आणि बाजूला लिहिलं होतं की, अखेर कुणीतरी सरळ बोलतंय. ए नामंजूर, कारण 'नेहमीची पोकळ भाषा'. टकल्या साहेबांनी नेमकं उलट. ए मंजूर, बी नामंजूर, कारण 'असल्या लोकांनीच देशाचं वाटोळं केलं.'

चाचांनी पट्ट्या काढल्या. बी थोरलीच्या मुलाचं होतं. ए धाकटीच्या मुलाचं.

"मजूरवाल्याने हुजूर मंजूर केला," चाचा हळूच म्हणाले, "आणि हुजूरवाल्याने मजूर." आणि त्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

बातमी ऑफिसभर पसरायला चहाची वेळ पुरली. साडेतीनला दोन्ही साहेब चाचांच्या काउंटरवर आले, आणि आम्ही सगळे मान वर न काढता बघत होतो, कारण दोघे एकत्र चालत आले होते.

"चाचा, तो कागद परत दे," उंच साहेब म्हणाले.

"सर, इश्यू झालेलं डॉक्युमेंट परत घेता येत नाही," चाचा अदबीने म्हणाले. "रद्द करून नवी रिव्हिजन काढता येते. त्यासाठी दोघांच्या सह्या लागतील. एकाच फॉर्मवर."

दोघांनी एकाच फॉर्मवर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली की ऑफिसात राजकीय स्वरूपाचे कागद फिरवू नयेत. ती सगळ्यांना वाटायचं काम अर्थातच चाचांचं. त्यांनी ती इमानेइतबारे वाटली, रजिस्टरमध्ये चढवली, आणि तिच्यातली स्पेलिंगची एक चूक लाल ढगात अडकवून एचआरला परत पाठवली. आम्हाला वाटलं आता चाचांची नोकरी जाते. पण संध्याकाळी उंच साहेब पुन्हा आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे बघ चाचा, खड्ड्यांवरून पक्ष ओळखता येत नाहीत. नगरपालिकेत सगळे खड्डेच बुजवतात. तू आमचे देशाचे जाहीरनामे वाच. मग बोल." दाराशी उभे असलेले टकले साहेब म्हणाले, "या बाबतीत त्यांचं बरोबर आहे." हे वाक्य त्या इमारतीत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

चाचांनी जाहीरनामे वाचले. दोन जाडजूड बाडं, स्वतःच्या फोनवर, कंपनीचा एक कागद न वापरता. रोज बसमध्ये जाता-येता. सकाळी मला हिशोब द्यायचे.

"दवाखान्यातल्या रांगा दोघेही कमी करणार. घरं दोघेही बांधणार. पोलीस दोघेही वाढवणार. आणि बाहेरून येणारी माणसं दोघेही कमी करणार." मग म्हणायचे, "माझे दोन्ही भाचे हे वाटत फिरतायत, बेटा. दोघांचे बाप बाहेरूनच आले होते. एकाच विमानाने."

पण चार-पाच आठवड्यांनी एक दिवस ते गंभीर चेहऱ्याने आले. "माझा शेरा मी मागे घेतो," म्हणाले.

"कुठला?"

"बाकी डॉक्युमेंट तेच, असं म्हणालो होतो ना, ते चूक होतं. वरवर वाचलं तर सारखंच वाटतं. पण रेल्वे कुणाच्या ताब्यात असावी, खासगी शाळेच्या फीवर कर लावावा की नाय, कामगाराला काढून टाकणं किती सोपं असावं, आणि कर कुणावर वाढवायचा, तिथं ढग मोठे आले. फरकांचा आकडा थोडा दिसतो. पण व्हॉल्व्ह एकच उलटा बसवला तरी तेल दुसऱ्या गावाला जातं." त्यांनी मान हलवली. "मी पहिल्यांदा पत्रक बघताना पंधरा मुद्दे सारखे म्हणून हसलो, आणि सतरावा नीट वाचलाच नाय. तीस वर्षांत अशी चूक केली नव्हती."

सतरावा मुद्दा होता गल्लीच्या टोकाच्या केंद्राचा. नगरपालिकेकडे ते चालवायला निधी उरला नव्हता. धाकटीचा मुलगा म्हणत होता, केंद्र आहे तसं चालू ठेवू, त्यासाठी घरपट्टी थोडी वाढवू. थोरलीचा मुलगा म्हणत होता, घरपट्टी वाढवणार नाही, केंद्र स्वयंसेवकांच्या हाती देऊ. दोन्ही पत्रकांत ते शेवटच्या ओळीत, इतक्या बारीक टायपात होतं की चाचांना भिंग काढावं लागलं.

आणि आपल्या मुलाचं पत्रक दोघींपैकी एका आईनेही वाचलेलं नव्हतं. दोघींनी फक्त फोटो बघितला होता.

त्या शुक्रवारी चाचा आमच्याकडे महबूल्याला आले, कारण अब्बासियाच्या खोलीत तिघांच्या मध्ये बसून घरचं भांडण मिटवता येत नाही. आमच्या डायनिंग टेबलावर त्यांनी फोन उभा केला आणि दोन्ही बहिणींना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं. फोनच्या पडद्यावर दोन चौकटी, दोघींच्या मागे एकच भिंत, तिच्या दोन बाजू. दोघी एकमेकींकडे न बघता भायकडे बघत होत्या.

चाचांनी सतरा मुद्दे एक-एक करून त्यांच्या बोलीत वाचून दाखवले. खड्डे, दिवे, कचरा. पंधराव्यापर्यंत थोरली डुलकी घेत होती. सतरावा वाचला आणि दोघी सावरून बसल्या.

"म्हणजे सेंटर बंद करणार माझा पोर?" थोरलीने विचारलं.

"बंद नाय. लोकांच्या हाती देणार."

"लोक म्हणजे कोण?"

"ते पत्रकात नाय," चाचा म्हणाले.

धाकटीने विचारलं, "आणि घरपट्टी वाढवणार माझा पोर?" धाकटीचं घर कोपऱ्यावरचं, मोठं. नवरा निवृत्त. घरपट्टीचा कागद आला की त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नसे.

"थोडी," चाचा म्हणाले. "थोडी म्हणजे किती, ते पत्रकात नाय."

"मग तू सांग भाय. बरोबर कोण?"

चाचांनी चष्मा काढला. "मी तपासणारा. बदल कुठं आहे ते दाखवणं माझं काम. मंजुरी तुमची. तुम्हाला मत आहे. मला नाय."

दोघींनाही हे उत्तर आवडलं नाही. कॉल संपला तेव्हा दोघी एकमेकींशी अजूनही बोलत नव्हत्या. चाचा फोनकडे बघत बसले. माझी अकरा वर्षांची मुलगी इतका वेळ सोफ्यावरून ऐकत होती. तिने विचारलं, "इफ मोस्टली सेम, देन व्हाय टू पार्टीज?"

चाचांनी तिला शेजारी बसवून घेतलं. "एक काम करणार, दुसरा त्याच्या चुका काढणार. दोन्ही कामं एकाच माणसाला दिली, तर सगळीच ड्रॉइंग्ज मंजूर होतात. मग पाइप फुटतो."

"सो यू आर लाइक द अदर पार्टी?"

"मी?" चाचा म्हणाले. "मी कायम विरोधी पक्षात, बेटा."

मतदानाच्या दिवशी सकाळी दहा वाजता, म्हणजे तिकडे आठला, चाचांचा फोन वाजला. थोरली होती. ते उठून जिन्यात गेले. परत आले ते मान खाली घालून. अकराच्या सुमाराला धाकटीचा फोन आला. ते पुन्हा जिन्यात गेले. या वेळी बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. चाचा पायरीवर बसले होते, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होते आणि खांदे गदगदा हलत होते. मी घाबरले. जवळ गेले तर ते हसत होते.

"कुणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"थोरलीने सेंटरसाठी धाकटीच्या पोराला मत दिलं. म्हणाली, भाय, कुणाला सांगू नको. आणि धाकटीने घरपट्टीसाठी थोरलीच्या पोराला." त्यांना धाप लागली. "तीही म्हणाली, भाय, कुणाला सांगू नको."

"म्हणजे दोन्ही मतं..."

"जिथल्या तिथं. फिट्टंफाट."

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. थोरलीचा मुलगा निवडून आला. विजयाच्या भाषणाचा व्हिडिओ त्यानेच मामूला पाठवला. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून तो इंग्रजीत म्हणत होता, माझ्या आईने काल सकाळी पहिलं मत मला दिलं, तिच्याशिवाय मी इथे उभा नसतो. थोरली त्याच्या शेजारी उभी होती. ती बुटांकडे बघत होती. मागच्या बाजूला, भाच्याच्या विजयाला नाइलाजाने आलेली धाकटी उभी होती आणि ती टाळ्या वाजवत होती. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे दोनदा वळून पाहिलं. चाचांनी व्हिडिओ तिथं थांबवला आणि धाकटीवर बोट ठेवलं. "यांना वाटतं हिचं मन मोठं. खरी मतदार आहे ती."

त्यानंतर काय झालं? केंद्र ठरल्याप्रमाणे स्वयंसेवकांच्या हाती गेलं. घरपट्टी वाढणार नव्हती, ती वाढली, कारण वरून निधी कमी आला. आणि स्वयंसेवक कोण, हा थोरलीचा प्रश्न होता, त्याचं उत्तर नव्या नगरसेवकाने लगेच दिलं. स्वयंसेवकांची यादी करायला त्याला दोनच नावं हक्काने सुचली. केंद्राची किल्ली त्याने आईच्या हातात ठेवली. चहाचं खातं मावशीकडे दिलं. म्हणजे सोमवार-बुधवार आणि मंगळवार-गुरुवार हा हिशोब संपला. एकीला कुलूप उघडायचं आणि दुसरीला पाणी उकळायचं, तर दोघींना रोज एकाच वेळी तिथं यावं लागणार. त्या कामापुरतं बोलू लागल्या. दूध संपलं, हीटर लाव, एवढंच.

त्या हिवाळ्यात, चाचा निवृत्त होऊन गावी परतण्याच्या महिनाभर आधी, आम्ही दुपारी त्यांच्या काउंटरमागे डबे उघडून बसलो होतो. चाचांचे हात माशाच्या कालवणात, म्हणून फोन वाजला तसा त्यांनी कोपराने बटण दाबलं आणि स्पीकर चालू झाला. थोरली होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"भाय, बर्फ पडलाय गुडघाभर," ती म्हणाली. "आणि मी सकाळी आठला कुलूप उघडायला आले. बोटं गळून पडायची पाळी. माझ्याच पोराने लावलंय मला कामाला. पुढच्या खेपेला बघते त्याला. पुढच्या खेपेला मी धाकटीच्या पोराला उघड मत देणार."

भांड्यांचा आवाज थांबला.

"उघड?" मागून दुसरा आवाज आला. "म्हणजे या खेपेला चोरून दिलंस?"

चाचांचा घास हातातच राहिला. 

"धाकटे," चाचा फोनकडे वाकून हळूच म्हणाले, "आता तूही सांगून टाक."

मग धाकटी म्हणाली, "मी तुझ्या पोराला दिलं."

"माझ्या? तू?"

"घरपट्टीसाठी. आणि ती तर वाढलीच."

"आणि मी सेंटरसाठी तुझ्या पोराला. आणि सेंटर तर माझ्याच गळ्यात पडलं." थोरलीचा आवाज मध्येच फुटला आणि कळेना ती रडतेय की हसतेय. मग दोघींचा मिळून एकच आवाज यायला लागला, आणि तो हसण्याचाच होता. "अगं, मग इतके महिने मी सांदणं एकटीने खाल्ली ती कशाला?"

"एकटीने खाल्लीस? म्हणजे करत होतीस तू?"

"दर जुम्म्याला."

"मला भिंतीतून वास येत होता," धाकटी म्हणाली.

चाचा उठले. फोन तसाच टेबलावर चालू ठेवला, माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं आणि डबा धुवायला गेले. मी तिथंच बसून राहिले. पलीकडे भाय ऐकतोय की नाही याची दोघींनाही शुद्ध नव्हती. त्यांचं चालू होतं. तांदूळ रात्रभर भिजवायचे की चार तास पुरतात, गूळ इथला घ्यायचा की गावाहून मागवायचा, आणि उद्या सकाळी कुलूप उघडायला दोघींनी मिळून निघायचं तर कुणी कुणाचं दार वाजवायचं.